कालचं टाचण

गुरुजी टाचण एक दिवस उशिरा लिहीत. त्यांच्याबद्दल सांगायला बसलो की पहिल्यांदा हेच आठवतं, कारण माझा अपराधही तिथेच आहे.

प्राथमिक शाळेत उद्या काय शिकवायचं ते आज वहीत लिहून ठेवायचं असतं. कोणता वर्ग, कोणता धडा, कोणतं साहित्य, कोणते प्रश्न. त्याला टाचण म्हणतात. शिक्षकाने वर्गात पाऊल टाकण्याआधी त्या दिवसाचं टाचण तयार हवं, असा नियम आहे आणि तो पाळला जातो की नाही हे पाहणं माझं काम आहे. मी केंद्रप्रमुख आहे. मेडशीच्या बाजूच्या बारा-तेरा शाळा माझ्याकडे येतात. बहुतेक शाळांत चार वर्ग आणि दोन शिक्षक. त्यातला एक शिक्षक बैठकीला गेला की चार वर्ग आणि एक शिक्षक.

गुरुजी सोमवारी शिकवलेलं मंगळवारी लिहीत. मंगळवारी सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन ते हातपंपावर पाय धूत आणि फाटकातून आत येणाऱ्या एकेका पोराला गाठून कालचं विचारत. "काय बे, पाव किलो म्हंजे किती ग्रॅम?" पोर दप्तरासकट उभं राहून उत्तर देई. मग प्रार्थना, मग परिपाठ, आणि त्यानंतर मुलं पाट्या काढेपर्यंत गुरुजी मांडीवर वही घेऊन कालचं टाचण पुरं करत. धड्याचं नाव एका ओळीत. बाकी पानभर पोरांची नावं. कोणाला आलं, कोणाला आलं नाही, कोण रडलं, कोण उपाशी आलं होतं. ज्याचं काही राहिलं त्याच्या नावापुढे समासात एक छोटा चौकोन. पुढे कधी त्याला ते आलं, की चौकोनात बरोबरची खूण. एखादा चौकोन आठवड्यात भरे, एखादा दिवाळीनंतर.

मी त्यांच्या शाळेवर रुजू झालो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. गुरुजी तिथले मुख्याध्यापक. आसेगावकडचा. डी.एड.ला पहिल्या वर्गात आलेला. पहिल्या दिवशी मी माझी टाचण वही त्यांच्यापुढे ठेवली. निळ्या शाईत मजकूर, लाल शाईत उद्दिष्टं, पट्टीने आखलेले समास. चष्म्याची एक काडी तुटलेली असल्याने तिथे त्यांनी सुतळी बांधली होती. ती कानामागे नीट अडकवून त्यांनी पूर्ण पान वाचलं.

"हे कधी लेह्यलं?"

"काल, गुरुजी."

"काल तू ईथं होता?"

"नाही."

"मंग तुले कसं माहीत, आज कोण आलं न कोण नाही? हे टाचण नोहे मास्तर, हे पंचांग झालं. त्यात बी पाऊस अदुगरच लेह्यला असते."

मला राग आला. आपण शिकून आलोय आणि हा माणूस सुतळीचा चष्मा लावून आपल्याला शिकवतोय, असं वाटलं. संध्याकाळी मी त्यांना नियम सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"नियम बराबर हाये. ज्यानं केला त्याच्या शाळेत चार वर्ग चार खोल्यांत बसत असतीन." मग पिशवी उचलत म्हणाले, "आज सांगतलेलं आज येतेच रे. पोट्टं घरी जाऊन, म्हशीमांगं फिरून, झोपून उठून आलं, अन् तरी डोक्यात राह्यलं, तं ते खरं. ते उद्या इचारल्याबिगर कसं समजीन?"

ती पिशवी हा एक स्वतंत्र विषय होता. गुरुजींच्या घरी भाजीपाल्याची वाडी होती. मालेगावच्या बाजारात त्यांची वांगी आणि मेथी जायची. शाळेत येताना ते रोज काही ना काही घेऊन येत आणि ते आधी वर्गात वापरलं जाई, मग खिचडीत. गवारीच्या दहा-दहा शेंगा दोऱ्याने बांधून दशक करायचे. वजाबाकीत दशक फोडावा लागला की दोरा सोडायचा. सुटलेल्या शेंगा स्वयंपाक करणाऱ्या मावशींकडे जायच्या. ज्या दिवशी तिसरीची वजाबाकी चुकत राही, त्या दिवशी खिचडीत गवार जास्त. मावशी भांडं घेऊन दारात येत आणि म्हणत, "गुरुजी, आज पोरायचं लवकर बराबर येऊ द्या, तेल कमी हाये."

कार्यालयाच्या भिंतीवर वार्षिक नियोजनाचा छापील तक्ता खिळ्याला टांगलेला असे. तो उचलला की खाली, चुन्याच्या भिंतीवर, कोळशाने लिहिलेलं गुरुजींचं नियोजन. साहेब येणार असले की तक्ता खाली, साहेब गेले की तक्ता वर. त्या भिंतीवर महिन्यांची नावं नव्हती. सोयाबीनची सोंगणी, तूर, हरभरा, आणि रामनवमीच्या आगेमागे पोहरादेवी, कारण तांड्यावरची सगळी पोरं घरच्यांबरोबर यात्रेला जात आणि चौथीचा वर्ग निम्मा होई. या आठवड्यांपुढे एकच शब्द: उजळणी. नवीन काहीही नाही. जी पोरं येतात त्यांच्याकडून मागचं पक्कं करून घ्यायचं, म्हणजे जी येत नाहीत ती मागे पडत नाहीत.

"सोयाबीन घरी आल्याबिगर हातच्याची वजाबाकी काढाची नाही," ते मला सांगत. "पोट्ट्याचे हात वावरात, तं हातचा कुठून आणशीन?"

मी हसायचो. पण त्यांच्या चौथीतून बाहेर पडलेलं एकही पोर वजाबाकीत अडलेलं मी पाहिलं नाही, हेही मला सांगितलं पाहिजे.

वाचनाच्या तासाला ते वर्गाकडे पाठ करून बसत. फळ्याकडे तोंड, मांडीवर हात, डोळे मिटलेले. पोरं त्यांच्या पाठीला वाचून दाखवत. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "तोंड पाह्यलं का पोट्टं आवाज गिळते. पाठीले कोण भेते?"

न बोलणारी मुलं हा त्यांचा खास कप्पा होता. ज्याला येत नाही त्याची त्यांना फारशी चिंता नसे. "त्याले शिकवता येते," म्हणत. "पण ज्याले येते अन् बोलत नाही, त्याच्यासाठी जागा पाहा लागते." दुसरीत पूनम नावाची मुलगी होती. तिला महिन्यांची नावं येत होती, हे तिच्या ओठांवरून दिसे, पण आवाज फुटत नसे. गुरुजींनी तिला हातपंपावर विचारलं, निंबाखाली विचारलं, शाळा सुटताना चप्पल शोधत असल्याचं नाटक करून विचारलं. पंधरा दिवस. एके दुपारी खिचडीच्या रांगेत ती मावशींच्या कानाशी लागून बारा महिने घडाघडा म्हणून गेली. मावशी ओरडल्या, "गुरुजी, हिनं म्हटले हो!" दुसऱ्या दिवशीच्या टाचणात मी वाचलं: 'पूनमने महिने म्हटले. मावशीजवळ म्हटले, माझ्याजवळ नाही. तरी चालेल.' आणि समासात मागे जाऊन, पंधरा दिवसांपूर्वीच्या पानावर, चौकोनात खूण.

त्याच वहीत एकदा मला माझं नाव सापडलं. 'नव्या सरांना भागाकार येतो, पण शिकवताना घाई होते. चौथीतली तीन मुले मागे राहिली. सरांना एकट्यात सांगणे.' आणि पुढे चौकोन. मी वही घेऊन तणतणत त्यांच्याकडे गेलो. मी काय विद्यार्थी आहे?

"मंग?" ते म्हणाले. "तू बी ईथं शिकूनच राह्यला ना? मी बी शिकून राह्यलो. माहं नाव मांगच्या वहीत हाये, पाह्य जाऊन."

मी पाहिलं. खरंच होतं. 'मी आज पहिलीवर ओरडलो.' पुढे चौकोन, आणि त्यात खूण, तीन महिन्यांनी केलेली.

सात वर्षं मी त्यांच्याबरोबर होतो. आज मला जे शिकवता येतं ते तिथलं आहे. मग बदली झाली, मग परीक्षा देऊन मी केंद्रप्रमुख झालो, आणि गुरुजींची शाळा माझ्याच केंद्रात आली. त्यांची नोकरी तेव्हा दोन वर्षांची उरली होती. पहिल्या भेटीत त्यांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः बाकावर बसले. मी उठू लागलो तर म्हणाले, "बस. खुर्ची तुही नाही, कामाची हाये."

त्या वर्षी माझ्या मनात एक गोष्ट होती. केंद्रातल्या नव्या शिक्षकांना चार वर्ग एकत्र कसे शिकवायचे ते कोणीच शिकवत नव्हतं. वर्षभराचं नियोजन वरून येई, आणि ते प्रत्येक वर्गाला स्वतंत्र शिक्षक आहे असं धरून केलेलं असे. पोरं रडकुंडीला येत, म्हणजे शिक्षक पोरं. उन्हाळ्यातल्या प्रशिक्षणात त्यांना गुरुजींनी शिकवावं, म्हणून मी त्यांचं नाव वर पाठवलं होतं. त्यांना सांगितलं तर लाजले होते. दोन दिवसांनी फोन करून विचारलं, "गवारी तेव्हा निघन ना रे? नाही तं बरबटीच्या शेंगा चालतीन काय?"

त्यानंतर महिन्याभरात शाळा तपासणीचं पथक आलं.

पथकात तीन जण होते. मोठे साहेब मी नाव घेऊ नये असे. दुपारची वेळ होती. साहेबांनी टाचण वही मागितली. कालचं पान भरलेलं, आजचं कोरं. त्यांनी एक-दोन पानं मागे उलटली, पोरांची नावं पाहिली, आणि वही माझ्यापुढे धरली.

"हे काय आहे? आजचं टाचण कुठाय?"

प्रश्न गुरुजींना नव्हता, मला होता. "केंद्रप्रमुख, तुमच्या केंद्रात असं चालतं का?"

चारही वर्ग त्या एका खोलीत होते. साठ डोळे आमच्याकडे होते. मला उत्तर माहीत होतं. त्या खोलीत माझ्याइतकं नीट ते कोणालाच माहीत नव्हतं. दोन वाक्यांचं उत्तर. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी अजून विसरलो नाही. तिच्यात विनवणी नव्हती. पूनमकडे पाहत तसे ते माझ्याकडे पाहत होते. वाट बघत.

मी म्हणालो, "नाही साहेब. मी समज देतो."

आणि शेरेबुक ओढून, माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं: 'भेटीच्या दिवशीचे टाचण आढळून आले नाही. नियोजनाचा अभाव. मुख्याध्यापकांस समज देण्यात आली.' गुरुजींनी सुतळी कानामागे सारली, शेरा वाचला आणि खाली सही केली. पथक निघालं तेव्हा ते फाटकापर्यंत आले. मला म्हणाले, "मेथी नेतं काय? ताजी हाये." मी नेली नाही.

त्या शेऱ्यावर त्यांच्याकडून खुलासा मागवला गेला, आणि प्रशिक्षणाच्या यादीतून त्यांचं नाव कापलं गेलं. त्या जागी माझं घातलं. मी नाही म्हणू शकलो असतो. नाही म्हणालो नाही. उन्हाळ्यात मी चाळीस शिक्षकांसमोर उभा राहिलो, गवारीच्या शेंगांचे दशक केले, सोंगणीच्या आठवड्यात उजळणी कशी ठेवायची ते सांगितलं, वर्गाकडे पाठ करून बसून दाखवलं. लोक खूश झाले. चहाच्या वेळी एकजण म्हणाला, "सर, हे तुम्हाला सुचलं कसं?" मी हसलो फक्त.

गुरुजी शेवटच्या ओळीत बसले होते, प्रशिक्षणार्थी म्हणून. आणि शेंगा त्यांनीच आणल्या होत्या. सकाळी हॉलच्या पायरीवर पिशवी माझ्या हातात देत म्हणाले होते, "तुले लागतीन. दोरा बी हाये आत."

ते निवृत्त झाले त्या दिवशी निरोप समारंभात मी भाषण केलं. चांगलं केलं. त्या भाषणातही शेऱ्याबद्दल काही नव्हतं. पुढे भेटायला जाऊ जाऊ म्हणत सहा वर्षं गेली. रस्त्यावरून जाताना त्यांची वाडी दिसे. मी गाडी हळू करत असे आणि पुढे जात असे.

या जुलैत त्याच शाळेवर एक नवीन मॅडम रुजू झाल्या. पंचविशीच्या आतल्या. दुसरे शिक्षक रजेवर, त्यामुळे एकट्या. मी भेटीला गेलो तर त्यांनी स्वतःच टाचण वही पुढे केली आणि म्हणाल्या, "सर, आधीच सांगते. पहिल्या आठवड्याचं लिहिलं, त्यातलं काहीच झालं नाही. मग मी लिहिणंच सोडलं. रात्री मोबाईलवरच्या लिंका भरू, का टाचण लिहू?"  मग टेबलाकडे बोट दाखवत त्या म्हणाल्या, "लोखंडी कपाटावर जुन्या वह्या सापडल्या. कोणाच्या आहेत माहीत नाही, पण त्या वाचून मला जरा बरं वाटतं. असं लिहिलं तर चालेल का?"

टेबलावर सात-आठ वह्या होत्या. अक्षर मी लांबूनच ओळखलं. मला कोणती वही, कोणता महिना शोधायचा ते माहीत होतं. ती घेऊन मी खिडकीकडे तोंड केलं.

पान सापडलं. पथकाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लिहिलेलं. 'पाहुणे आले. तिसरीचा धडा अर्धा राहिला. पहिली न रडता बसली. एका जुन्या विद्यार्थ्याला उत्तर येत होते. बोलला नाही. त्याला सगळ्यांसमोर विचारले गेले, त्यामुळे भ्याला. रागवू नये. जागा पाहून पुन्हा विचारणे.'

समासात चौकोन होता. मी मागचीपुढची पानं उलटली. वहीतल्या बाकी सगळ्या चौकोनांत खुणा होत्या. हा एकच रिकामा होता.

त्याच दुपारी ती वही घेऊन मी वाडीवर गेलो. गुरुजी मेथीच्या वाफ्यात बसून गवत काढत होते. वाळले होते. चष्मा नवा होता, पण सवयीने सुतळी त्यालाही बांधलेली. पलीकडच्या वाफ्यात त्यांची सून वांगी तोडत होती.

"कोण, मास्तर? ये. बूट काढून ये, वाफा ओला हाये."

मी बूट काढले. बोलायला सुरुवात केली, क्षमा वगैरे, आणि माझं वाक्य कुठेच पोचेना. मग मी वहीच उघडून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी पान वाचलं, बोट समासात नेलं.

"अरे! हे राह्यलंच होतं." जणू पिशवी घरी विसरली असावी. मग त्यांनी हातातलं गवत बांधावर टाकलं, हात झटकले, आणि माझ्याकडे पाठ करून बसले. तोंड विहिरीकडे.

"सांग मंग. त्या दिवशी आजचं पान कोरं काहून होतं?"

मी पंचेचाळीस ओलांडलेला माणूस. चिखलात अनवाणी उभा.

"उद्या विचारल्याशिवाय..." मी म्हणालो.

"मोठ्यानं. मांगच्याले ऐकू नाही आलं."

"उद्या विचारल्याशिवाय आज काय शिकले ते समजत नाही, म्हणून गुरुजी आजचं उद्या लिहितात. मला माहीत होतं, साहेब. हे मला गुरुजींनीच शिकवलं. सगळं त्यांनीच शिकवलं."

सुनेने टोपली खाली ठेवून आमच्याकडे पाहिलं. गुरुजी तसेच बसून होते. त्यांची पाठ थोडी हलली. हसत होते की काय, मला कळलं नाही. मग वळले, डोळे पुसले, चष्मा पुसला.

मी खिशातून पेन काढून त्यांच्यापुढे धरलं.

"आज नाही," ते म्हणाले. "ईथं तं तू पाठीले बोल्ला. वही ठेव माह्यापाशी. पाहू." आणि सुनेकडे वळून, "बाई, मास्तरले मेथी दे. मांगच्या बारीले नेली नव्हती त्यानं."

दुसऱ्या दिवशी मी शाळेत जाऊन जुनं शेरेबुक काढलं. माझ्या त्या शेऱ्याखाली, तारीख घालून, तो शेरा चुकीचा होता आणि मला तेव्हाही ते ठाऊक होतं, असं लिहिलं. पूर्ण सही केली. मॅडम उभ्या होत्या. त्यांनी वाचलं. त्यांच्या टेबलावर टाचण वही उघडी होती. कालचं पान पोरांच्या नावांनी भरलेलं, आजचं कोरं, आणि समासात चार-पाच चौकोन.

येत्या गुरुवारी पथक त्या शाळेवर येणार आहे. साहेब नवीन आहेत, कडक आहेत असं म्हणतात. वही मागतील, आजचं पान कोरं पाहतील, आणि वही माझ्यापुढे धरतील. चारही वर्ग खोलीत असतील. गुरुजींकडच्या वहीत तो चौकोन अजून रिकामा आहे.